चुन्याचे तीन चौकोन

७ जुलै २०२५, सोमवार

वर्ग सुरू केला आज. तेरा दिवसांनी.

पडवीतले चौकोन पार पुसून गेले होते – आजारी बायकोला, भागम्माला, बघायला आलेल्या माणसांच्या पायांनी. पुन्हा आखले. चुन्याचे तीन चौकोन, दोन फूट बाय दोन फूट, मध्ये चार बोटं जागा. टेप लावून. अंदाजाने आखलेलं मला चालत नाही.

पहिल्या चौकोनात 'कोण'. दुसऱ्यात 'करतो'. तिसऱ्यात 'काय'. मुलांच्या गळ्यात पुठ्ठे अडकवायचे. आज शंभुराज होता 'आय', निकिता 'ड्रिंक' आणि योगीराज 'वॉटर'. मराठीत उभं राहा म्हटलं की निकिता शेवटच्या चौकोनात – मी पाणी पितो. इंग्रजीत म्हटलं की तिने उडी मारून मध्ये यायचं आणि 'वॉटर'ने मागे सरकायचं. आय ड्रिंक वॉटर! सहावी-सातवीचं पोर हे एकदा पायाने शिकलं की जन्मात विसरत नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही. मी काढलंय.

अकरा मुलं आली. साडेसात ते नऊ. मग ती शाळेत, मी माझ्या पंपाच्या दुकानात. नियम तोच – पडवीत पाय ठेवला की अर्धं वाक्य चालणार नाही. पाणी मागायचं असलं तरी पूर्ण मागायचं.

भागम्मा आतल्या खोलीत बाजेवर. दार उघडं ठेवलं होतं. मुलांचा आवाज तिच्या कानावर पडावा म्हणून.

९ जुलै, बुधवार

चोवीस जूनला भागम्माला झटका आला. मेंदूचा. शेजारच्या पार्वतीबाईने पाहिलं तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याखाली पडलेली. परभणीला आठ दिवस. उजवा हात लुळा, पाय ओढत चालते. बोलणं गेलं.

गेलं म्हणजे – एक शब्द राहिला. 'सोमवार'.

चहा घेतेस? – सोमवार. दुखतंय का कुठं? – सोमवार. लातूरहून वैजयंतीचा फोन आला, आई, बरी हायस का गं? – सोमवार, सोमवार, सोमवार. पोरगी तिकडं रडायला लागली.

समज शाबूत आहे. शब्द सापडत नाहीत. डॉक्टर म्हणाले तसं.

१२ जुलै, शनिवार

दवाखान्यातून एक पुस्तिका दिली आहे, इंग्रजीत. वैजयंती आली होती, ती मला वाचून दाखवायला बसली. मला! बत्तीस वर्षं मोटर-पंपाच्या खोक्यातली कागदं वाचत आलो. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण 'डू नॉट रन द पंप ड्राय' याचा अर्थ राणीसावरगावात मी पहिल्यांदा सांगितला, नाहीतर लोक मोटरी जाळत होते. शब्दकोश दोन वेळा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलाय. म्हटलं, आण इकडं.

सगळी वाचली. अठ्ठावीस पानं. तीन शब्द अडले, ते बघून घेतले.

मुख्य गोष्ट – पहिले सहा महिने. जे परत यायचं ते बहुतेक त्यात येतं. नंतर अवघड. म्हणजे चोवीस डिसेंबर. एकशे पासष्ट दिवस राहिले.

दुसरी गोष्ट, पान अकरा – आजाऱ्याला रोज बोलायची संधी द्या, वेळ द्या, त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

हे तर मला येतं! अकरा पोरांना रोज हेच शिकवतो. घरच्या माणसाला नाही शिकवता येणार?

१४ जुलै, सोमवार

सुरुवात केली. बाजेपुढं तीन पाट मांडले. त्यावर खडूने – मला – पाणी – पाहिजे. पाण्याचा तांब्या माझ्या हातात.

एकेका पाटावर बोट ठेवून मी म्हणून दाखवलं. पाच वेळा. मग म्हटलं, आता तू.

तिने तांब्याकडं पाहिलं. म्हणाली, सोमवार.

मी म्हटलं, नाही. मला.

सोमवार.

अकरा मिनिटं थांबलो. घड्याळ लावून. मग तिने भिंतीकडं तोंड केलं.

तांब्या उशाशी ठेवून आलो. थोड्या वेळाने बघितलं तर तसाच भरलेला.

१५ जुलै, मंगळवार

पार्वतीबाई दारातून सगळं बघत होती. माझ्यापेक्षा वयाने मोठी, तिची जीभ कोणाच्या बापाला आवरायची नाही.

"अवो लिंगराजअण्णा, माणूस हायव का मास्तर? तान्हेली हाय ती. आदी पानी द्या, मंग तुमचं इंग्लिश-फिंग्लिश काय हाय ते करा."

मी म्हणालो, इंग्रजी नाही, मराठी शिकवायलोय.

"मंग तर लय भारी झालं! मराठी तिला तुमच्या घरात यायच्या आदीपासून येतीय."

बायकांना पद्धत कळत नाही. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय – वेळ द्या. मी वेळच देतोय.

२१ जुलै, सोमवार

आठ दिवस. शून्य.

२८ जुलै, सोमवार

श्रावणातला पहिला सोमवार. सकाळी अंघोळ घालून पार्वतीबाईने तिला पाटावर बसवलं. मी इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, भस्म लावलं. बेलाची पानं वाहिली. आणि –

नमः शिवाय! नमः शिवाय! नमः शिवाय!

स्वच्छ! एक अक्षर इकडचं तिकडं नाही. पार्वतीबाई 'आगं माय!' म्हणून खालीच बसली. भागम्माच्या डोळ्यांतून पाणी. थांबेना ती. म्हणतच राहिली. मी मोजत होतो – एक्केचाळीस, बेचाळीस.

मला वाटलं आता दार उघडलंय, आताच पाय आत घातला पाहिजे. मध्येच म्हणालो, भागम्मा, आता म्हण – मला चहा पाहिजे.

ती थांबली. ओठ तसेच उघडे. मग मिटले.

पुन्हा नमः शिवाय पण नाही. पार्वतीबाई माझ्याशी बोलली नाही. दिवसभर.

वैजयंतीने फोनवर सांगितलं, पाठ असलेलं मेंदूत दुसरीकडं असतं म्हणे, ते येतं. त्याचा बोलण्याशी संबंध नाही. मग मी काय बिघडवलं? काही नाही. तरी जिवाला लागून राहिलंय.

७ ऑगस्ट, गुरुवार

शंभुराजला वर्गातून काढलं.

'व्हॉट डू यू ईट' चालू होतं. निकिता मधल्या चौकोनात 'ईट'. योगीराज म्हणाला आय ईट भाकरी. कोणी आय ईट मँगो. शंभुराजचा नंबर आला. सहावीतलं कार्टं, पुठ्ठा पाठीवर टाकून उभं, आणि म्हणतं कसं –

"आय ईट सोमवार!"

पोरं फिदीफिदी हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आजारी माणसाला हसता! मी त्याचा पुठ्ठा हिसकावला आणि म्हटलं, चल, चालता हो.

तेवढ्यात आतून आवाज आला. भागम्मा हसत होती. खरंच! जूनपासून पहिल्यांदा. तोंड वाकडं होतं तिचं हसताना, पण हसणं तिचंच.

मी आत जाऊन म्हणालो, तुला हसायला काय झालं? तुझीच टर उडवली त्याने. तिने डाव्या हाताने पेला उचलला आणि बाजेच्या कडेवर आपटला. तीनदा. मग पेला ठेवून बाहेर बोट दाखवलं – त्याला बोलवा.

नाही बोलावलं. शिस्त म्हणजे शिस्त.

९ ऑगस्ट, शनिवार

शंभुराज आला. पडवीच्या पायरीवर उभा. "सर, आय अॅम सॉरी, हे पूर्ण वाक्य हाय का?"

म्हटलं, आहे. बस.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर मैदानात चौकोन आखले. हेडमास्तर माणिकराव यांनी स्वतः चुन्याची बादली धरली. माझी अकरा मुलं. प्रत्येकी चार वाक्यं, मराठीतून इंग्रजीत उड्या मारत. टाळ्याच टाळ्या! निकिताने न अडखळता सात शब्दांचं वाक्य केलं – एक जागा चुकली नाही.

गंगाखेडहून एक साहेब आले होते. मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, बी.एड. कुठून केलंत?"

म्हटलं, पंपाच्या खोक्यातून.

ते हसले, मग खरंच आहे कळल्यावर पुढं आले. हात मिळवला.

घरी येऊन भागम्माला सगळं सांगितलं. साहेब, टाळ्या, बादली. ती ऐकत होती. डोळे चमकत होते. डावा हात माझ्या हातावर ठेवला. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, असा हात तिने दिवसाढवळ्या कधी ठेवला नव्हता.

मी म्हटलं, बोल की गं काहीतरी. एक वाक्य. कसं वाटलं?

हात काढून घेतला.

२ सप्टेंबर, मंगळवार

नोंद करून ठेवतो. जुलैत दिवसाला तीस-पस्तीस वेळा 'सोमवार' म्हणायची. ऑगस्टच्या शेवटी चार-पाच. काल एकदाही नाही. आज एकदाही नाही.

म्हणजे एक शब्द होता तोही चाललाय. पुस्तिकेत असं कुठं लिहिलेलं नाही. पुन्हा सगळी वाचली.

तीन पाट रोज मांडतो. ती डोळे मिटून घेते.

भीती वाटतेय. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून इथं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मधल्या सुटीत मुलं पाणी प्यायला आत जातात. आज निकिता – ही पार्वतीबाईची नात, सातवीत – बाहेर येऊन म्हणाली, "सर, काकू म्हनायल्यात, आजीच्या भाजीत मीठ जास्ती झालंय काल."

मी म्हटलं, म्हणायल्यात? कशा म्हणायल्यात?

पोरगी जराशी चाचरली. "म्हणजे... कळतं की सर."

खुणेने कळलं असेल. पोरगी हुशार आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. चार दिवस झाले. दुकानात गुडघाभर पाणी. मोटरी वर उचलून ठेवल्या. चौकोन गेले. वर्ग नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी लाईट नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं. सव्वाचारला घरी आलो. एरवी सातला येतो.

चपला काढताना स्वयंपाकघरातून आवाज आला. भागम्माचा. मी ओळखणार नाही का!

"पालथी... घाल. हं. आता – जळाली! बघ. जळाली."

निकिता तव्यापुढं होती. "तुमीच बोलत बसल्याव काकू, म्हनून जळाली."

"तुझी आजी... लय बोलती."

"तुमी बी बोला की मंग. कोन अडवलंय?"

आणि दोघी हसायला लागल्या.

मी तिथंच. एक पाय चपलेत. शब्द मोजले, सवयच ती. अकरा. तीन महिने मी तीन शब्दांसाठी पाट मांडतोय. आणि ही तव्यापुढं पोरीला पोळी शिकवतेय. बोलून!

दारात गेलो. आनंदच झाला होता मला. खरं सांगतो, आनंदच. पण तोंडातून निघालं – "पुन्हा म्हण! आता म्हणालीस ते, पुन्हा!"

भागम्माने मान खाली घातली. निकिताने गॅस बंद केला आणि ओढणी सावरत मागच्या दाराने पळाली.

अर्धा तास तिच्यासमोर बसलो. सोमवारही नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

वर्ग सुटल्यावर निकिताला थांबवलं. कधीपासून बोलतात काकू?

"पोळ्याच्या आदीपासून, सर."

पोळ्याच्या आधीपासून! म्हणजे ऑगस्ट. सगळ्या पोरांशी?

"सगळ्यांशी. शंभूला तर शिव्या बी देत्यात."

मग मला कोणी सांगितलं का नाही?

पोरगी पायाच्या अंगठ्याने चौकोनाचा चुना उकरत होती. "काकू म्हनल्या, सरांना नको सांगू."

का पण?

"त्यांला तुमचं भ्या वाटतं, सर."

मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. कधीच नाही. आवाजसुद्धा चढवत नाही घरात. सगळं गाव सांगेल.

पोरीला म्हटलं, जा. शाळेला उशीर होईल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाट उचलून माळ्यावर टाकले. आजपासून काही विचारणार नाही. पाणी उशाशी, चहा वेळेवर, गोळ्या सकाळी आठ आणि रात्री आठ. मी गप्प.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नऊ दिवस मी गप्प. ती पण गप्प. घरात भांड्यांचा आवाज.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. तिचा भाऊ व्यंकटराव आला. तिने डाव्या हाताने ओवाळलं, ताट मी धरून होतो. मग मला कळलं, मी असेपर्यंत ती बोलणार नाही. म्हटलं, दुकानात चक्कर मारून येतो.

गेलो नाही. पडवीत बसलो.

"बस दादा. जेव. शिरा... निकिताने केला."

व्यंकटराव हुंदके देऊन रडायला लागला. मोठा माणूस, दोन एकर ऊस सांभाळणारा. "आगं भागे, बोलायलीस की तू! बोलायलीस की!"

माझ्याच घरात मी पडवीत बसून ऐकतोय. चोरासारखा.

१० नोव्हेंबर, सोमवार

वैजयंतीने हट्ट धरला, म्हणून परभणी. बोलण्याचा उपचार करणाऱ्या मंजुषा मॅडम. वय तीसच्या आत असेल. मी माझी वही घेऊन गेलो होतो, चार महिन्यांच्या नोंदी, तारीखवार, वेळेसकट. त्यांनी चाळली. म्हणाल्या, काका, असं लिहिणारा नातेवाईक मी पाहिला नाही. मग म्हणाल्या, आता तुम्ही बाहेर बसा.

दाराला काच होती. भागम्माची पाठ दिसत होती, मॅडमचं तोंड. मॅडम चित्रं दाखवत होत्या, मान हलवत होत्या, हसत होत्या. पन्नास मिनिटं.

मग मला आत बोलावलं. "काका, चांगली प्रगती आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात. शब्द शोधायला वेळ लागतो, पण सापडतात. डिसेंबरच्या आत अजून पुष्कळ होईल – पण रोज बोललं पाहिजे, मोकळेपणाने. तुमच्यासमोर त्या थांबतात. का, ते तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हणालो, नाही.

"काही घडलंय का?"

नाही.

वैजयंती माझ्याकडं बघत होती. मी वही पिशवीत घातली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वैजयंती आईला लातूरला घेऊन गेली. तिथं रोज उपचार होतील, नातू आहे, बोलायला माणसं आहेत. तात्यारावची जीप बोलावली होती. मागच्या सीटवर उशा लावल्या मीच. पायाखाली घोंगडी.

वैजयंती म्हणाली, "अप्पा, वाईट वाटून घेऊ नका. ती बरी व्हावी, एवढंच."

भागम्माने जीपच्या खिडकीतून माझ्याकडं पाहिलं. पुष्कळ वेळ. काहीतरी बोलेल असं वाटलं. मी नजर काढून घेतली आणि तात्यारावला म्हटलं, सावकाश जा, परळीकडच्या रस्त्याला खड्डे आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वर्गात अकराची आठ झाली. निकिता येत नाही. पार्वतीबाई भाकरी आणून देते, उंबऱ्यावर ठेवते, काही बोलत नाही. तिचं न बोलणं आता मला कळतं.

एकट्याने पडवी झाडली. चौकोन आखले. टेप सापडली नाही. तसेच आखले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वैजयंतीचा निरोप आला फोनवर लिहून. "आईने आज नातवाला गोष्ट सांगितली. अडखळत, पण पूर्ण. कोल्ह्याची."

तिने मला कधी ती गोष्ट सांगितली नव्हती. मी विचारलीही नव्हती.

११ डिसेंबर, गुरुवार

आज वर्ग सुटल्यावर शंभुराज मागे राहिला. दप्तराचा बंद चावत उभा. मी म्हटलं, काय?

"सर, आमी तवा हसलो म्हनून काकू गेल्या का?"

म्हटलं, नाही. त्याचं काही नाही. तू सोमवार म्हणालास तेव्हा त्यापण हसल्या होत्या.

"तवाचं न्हाई सर. त्याच्या आदीचं."

मी म्हटलं, शाळेची वेळ झाली. जा.

पोरगं रडायला आलं होतं. बारा वर्षांचं पोर. सहा महिने घेऊन फिरतंय ते. मी त्याला नीट सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

वर्ग बंद केला. मुलांना म्हटलं, दुकानात काम आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

दुपारी वैजयंतीचा फोन. आवाज वेगळा होता. "अप्पा, आई आता लय बोलते. तिला तुम्हाला एक विचारायचंय म्हणे. मला सांगत नाही, म्हणते तुम्हालाच विचारते. देऊ का तिला?"

मी म्हणालो, गिऱ्हाईक आहे, मागून करतो.

गिऱ्हाईक नव्हतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

ती काय विचारणार ते मला माहीत आहे. या वहीत मी सगळ्याच्या वेळा लिहिल्या, तेवढी एक लिहिली नाही. चोवीस जून, सकाळी आठ वीस. वर्ग चालू होता. भागम्मा पडवीच्या दारात आली, एक हात चौकटीला, आणि काहीतरी भलतंच बोलायला लागली – शब्दाला शब्द लागत नव्हता. पोरांना वाटलं काकू गंमत करतात. पोरं हसली. मीही हसलो. हाताने खूण केली, आत जा. ती गेली. नऊला वर्ग सुटला, मी आत डोकावलोही नाही, तसाच दुकानात गेलो. बारा दहाला परभणीत डॉक्टरांनी विचारलं, नक्की कधी सुरू झालं ते सांगा, साडेचार तासांच्या आत असेल तर इंजेक्शन देता येतं. व्यंकटराव, पार्वतीबाई, सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणालो – माहीत नाही, मी दुकानात होतो. इंजेक्शन दिलं नाही. भागम्मा स्ट्रेचरवर होती. शुद्धीत होती. ऐकत होती.